पडद्यावरचं पानात : कलासंग्रहालयात ८० जणांचा बेत कसा बसवायचा?

पेठकर :
नमस्कार मंडळी. जानेवारीतल्या एका शनिवारी संध्याकाळी कार्यक्रम आहे. जागा म्हणजे जुन्या बंगल्यातलं छोटं कलासंग्रहालय. आत तीन खोल्या. एकीत जलरंग, दुसरीत तैलरंग, तिसरीत पावडर शेडिंगची, म्हणजे कोरडी पूड कागदावर घासून काढलेली चित्रं. पुढं साधारण ४० बाय ३० फुटांचं अंगण आणि कडेला पत्र्याची शेड. पाहुणे ८०, वेळ साडेपाच ते नऊ.

कल्पना अशी की कोल्हापूरच्या जुन्या चित्रपटांवरून सुचलेले चार-पाच पदार्थ द्यायचे आणि तेव्हाच दोन चित्रकारांनी लोकांसमोर काम करायचं. एक जण हातानं पोस्टर रंगवणार, दुसरा पावडर शेडिंग करणार.

अडलंय ते इथं. पहिलं, पदार्थ कुठले घ्यायचे? जुने दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांच्या नावानं नुसतं 'बाबूराव मिसळ' असं बारसं करायचं नाही. दुसरं, पांढरा रस्सा दोन-अडीच तास गरम ठेवला की फुटतो, त्याला उपाय काय? तिसरं, चित्रकार कुठं बसवायचे? आणि समिती म्हणते की आत वाफसुद्धा नको. एवढं कडक राहायची खरंच गरज आहे का? अंगणात चूल मांडायचाही विचार आहे, फोटो झकास येतील.

उलथनं :
पदार्थांचं आधी बोलतो. नाव चित्रपटाचं आणि पदार्थ कुठलाही, असं केलं की लोकांना दोन मिनिटांत कळतं. गोष्टीतला माणूस काय खात असेल, तिथून सुरुवात करा.

'सावकारी पाश' (१९२५) घ्या. शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या घशात जाते ही त्याची गोष्ट आणि शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. त्याला ज्वारीची भाकरी, खर्डा आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. बस. वर तूप नको, लोण्याचा गोळा नको. त्या माणसाकडं लोणी असतं तर पाश कशाला पडला असता?

८० जणांना तळहाताएवढ्या १०० भाकरी पुरतात, एकीला ५० ग्रॅम पीठ, म्हणजे ५ किलो. पीठ दोन-तीन दिवसांपूर्वी दळलेलं हवं. आठ-दहा दिवस झाले की विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा जातो, थापताना कडा फाटतात आणि तव्यावर टाकताना भाकरी हातातच तुटते. तेच पीठ वापरायची वेळ आली तर निम्मं पीठ उकळत्या पाण्यात भिजवा, पाच मिनिटं झाका आणि मग उरलेलं मिसळून मळा. एका तव्यावर तासाला तीसच्या आसपास होतात. दोन तवे, दोन सवयीचे हात आणि दीड तास धरा, म्हणजे नव्वद झाल्या. पहिल्या दहा लोक यायच्या आधी करून कापडात गुंडाळा.

खर्डा माणशी १० ग्रॅम पुरे. हिरवी मिरची ५०० ग्रॅम, लसूण १५० ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे १५० ग्रॅम, जाडं मीठ ३५ ते ४० ग्रॅम, तेल चार चमचे. मिरच्या मोडून टाका, अख्ख्या टाकल्या तर तेलात फुटून डोळ्यात उडतात. पांढरे डाग पडेपर्यंत परता, मग लसूण, शेवटी दाणे आणि मीठ. गॅस बंद करून तव्यावरच तांब्याच्या बुडानं रगडा. तांब्या फिरवायचा नाही, दाबून पुढं ढकलायचा. बी अर्धं फुटलं पाहिजे, अर्धं दाताखाली यायला पाहिजे. मिक्सरला लावला की त्याची हिरवी चटणी होते आणि तासाभरात पाणी सुटतं. हे काम सकाळी घरी उरका. त्या ठसक्यानं ८० माणसं खोकायला लागली तर चित्रकाराचा हात हलणारच.

तमाशापटांसाठी भडंग. जत्रेचा पदार्थ, हातात धरून खाता येतो, वास नाही, ओघळ नाही. चुरमुरे २ किलो, तेल ४०० मिली, शेंगदाणे ५०० ग्रॅम, ठेचलेला लसूण १५० ग्रॅम, कढीपत्ता दोन मुठी, कांदा-लसूण चटणी ८० ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम, पिठीसाखर ५० ग्रॅम. चुरमुरे आधी कढईत कोरडेच गरम करा. बोटात दाबल्यावर 'कट्' आवाज आला पाहिजे, नुसता दबला तर अजून ओल आहे. लसूण सोनेरी झाला की गॅस बंद करा आणि मिनिटभर थांबून चटणी घाला. कडक तेलात चटणी पडली की करपते आणि सगळं भडंग कडू होतं. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरायचं नाही.

आता रस्सा. अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं बिनतिखटाचं पाणी, आधी. ५ किलो मटण, त्यात नळ्या आणि सीन्याचे तुकडे भरपूर, १२ लिटर पाणी, मूठभर ठेचलेलं आलं-लसूण, थोडं मीठ. हळद नाही, चिमूटसुद्धा नाही, नाहीतर पांढरा पिवळा होतो. शिजून गाळल्यावर ९ लिटर अळणी राहायला हवी. त्यातली साडेसहा पांढऱ्याला, अडीच तांबड्याला. शिजलेले तुकडे तांबड्यात जातात. किलोला पंचवीस धरले तर सव्वाशे होतात.

पांढऱ्याला १२ नारळ. पहिलं दूध २ लिटर कोमट पाण्यात काढा, ३ लिटर भरतं. त्याच चोथ्यात पुन्हा २ लिटर पाणी घालून दुसरं दूध काढा. दोन्ही वेगळी ठेवायची, इथंच बरेच जण घोळ घालतात. वाटणाला पांढरे तीळ १५० ग्रॅम, खसखस १२० ग्रॅम, काजू २५० ग्रॅम, हे सगळं दोन तास भिजवून गंधासारखं बारीक. शिवाय आलं १५०, लसूण २०० आणि हिरवी मिरची ८० ग्रॅम. तुपात लवंग, दालचिनी, वेलची आणि मिरी अख्खीच, पूड केली की रस्सा मळकट दिसतो. वाटण मंद आचेवर परता, रंग बदलू देऊ नका. मग अळणी, एक उकळी, दुसरं दूध, पुन्हा हलकी उकळी. यानंतर पातेलं उतरवा आणि पाच मिनिटं थांबा. पहिल्या दुधात डावभर गरम रस्सा घालून ते आधी कोमट करा आणि मगच बारीक धारेनं पातेल्यात सोडा. मीठ सगळ्यात शेवटी. एकूण बारा लिटरच्या आसपास भरेल.

फुटतो तो घट्ट दूध उकळतं म्हणून. नारळाच्या दुधातली प्रथिनं ८० अंशांच्या आसपास गोळा व्हायला लागतात आणि तेल सुटून वर येतं. त्यामुळं थेट आचेवर ठेवायचाच नाही. मोठ्या पातेल्यात गरम पाणी, त्यात रस्स्याचं पातेलं, खाली बारीक आच. थर्मामीटर लावून रस्सा ६५ ते ७० अंशांत ठेवा. ६० च्या खाली गेला तर खराब व्हायची भीती, ७५ च्या वर गेला तर फुटायची. तीळ-खसखस तळाला बसते म्हणून दर दहा मिनिटांनी तळापासून वर ढवळा. एक लिटर अळणी गरम करून बाजूला ठेवा, रस्सा दाटला की तीच घालायची. आणि १२ लिटर एकदम तयार करू नका. सातला सहा लिटर, आठला सहा. दुसऱ्या हप्त्यात घट्ट दूध तेव्हाच मिसळायचं.

तरीही फुटलाच तर गाळा, १०० ग्रॅम काजूची पेस्ट दोन डाव रस्स्याबरोबर मिक्सरमधून काढून परत घाला. दिसायला सुधारतो. चवीत जाणकाराला कळतंच.

तांबड्याला रंग ब्याडगीचा, तिखटपणा संकेश्वरीचा. घरी कराल त्याच्या निम्मंच तेल घाला. हॉटेलात तर्री शोभते, उभ्यानं खाणाऱ्या गर्दीत ती सदऱ्यावर जाते.

कसर :
समिती बरोबर बोलतेय, उलट मी म्हणेन कमीच बोलतेय.

वाफ फक्त रस्स्याची नसते. नुसता बसलेला माणूससुद्धा श्वास आणि घामातून तासाला साधारण ५० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. ८० माणसं दोन तास आत ठेवली तर ८ लिटर पाणी झालं. बंद खोलीत हे पाणी कुठं जाणार? कागदात, कॅनव्हासच्या मागच्या बाजूत आणि काचेच्या आतल्या अंगाला. जलरंगाचा कागद ओल घेऊन फुगतो, सकाळी सुकताना आखडतो आणि त्याला लाटा पडतात. पावडर शेडिंगचं तर विचारूच नका. कोरडी पूड कागदाच्या खरखरीत अंगावर नुसती बसलेली असते. काच दमट होऊन तिला टेकली की पूड काचेवर येते, परत जात नाही.

म्हणून एका वेळी आत २० जण, त्याहून नाही. चार गट, प्रत्येकी २० मिनिटं. साडेपाचला पहिला गट, सहा पन्नासला शेवटचा बाहेर. सातला दारं बंद आणि मगच पहिली वाटी भरायची. आधी चहा द्यायचा असेल तर अंगणात द्या. आत जाताना कप बाहेर, हात धुऊन आणि पुसून आत. 'थोडं भडंग आत चालेल ना' असं कोणीतरी विचारणारच. नाही चालणार. एक चुरमुरा कपाटाखाली गेला की मुंगी येते, मग झुरळ. आणि आमच्यासारख्या कसरीला कागद, खळ, पिठाचा कण, सगळंच आवडतं.

दिवे : जलरंगावर आणि कागदावर ५० लक्स, तैलरंगावर २०० पर्यंत. फोटोवाल्याचे मोठे दिवे आत न्यायचे नाहीत. लक्समापक नसेल तर मोबाईलच्या ॲपवर अंदाज येतो, फार भरवसा ठेवू नका. चित्रापासून मीटरभर अंतरावर दोरी. पाठीवरच्या सॅक दारात काढून घ्या. चित्राला धक्का लागतो तो बहुतेक वेळा वळणाऱ्या माणसाच्या पाठीकडून.

चूल नको. 'जाळ नि धूर संगटच' हे इतर ठिकाणी ठीक आहे, इथं धूर आत गेला की काजळी वॉर्निशवर चिकटते आणि ती काढायला तज्ज्ञ बोलवावा लागतो. फोटोच पाहिजे असेल तर चूल न पेटवता मांडा आणि भाकरी शेजारच्या गॅसवर भाजा. शेगडी इमारतीपासून निदान २० फुटांवर. वारा कुठल्या बाजूनं वाहतो ते दोन दिवस आधी सातच्या सुमारास अंगणात उदबत्ती लावून बघा. धूर खिडकीकडं गेला तर शेगडीची बाजू बदला.

विजेचं बघून घ्या. २००० वॅटची इंडक्शन शेगडी २३० व्होल्टला ९ अँपिअरच्या जवळपास खाते. साध्या ६ अँपिअरच्या पॉइंटवर ती लावायची नाही, १६ चा पॉवर पॉइंट हवा. एकाच १६ अँपिअरच्या लाइनवर दोन शेगड्या लावल्या की लाइनवर जादा भार येऊन एमसीबी पडायची भीती, आणि जुन्या बंगल्यात त्याच लाइनवर सीसीटीव्ही असायची शक्यता बरीच. पाण्यातलं पातेलं गॅसवरच गरम ठेवलेलं बरं.

आग विझवायची सोय : अंगणात ६ किलोचं एबीसी पावडरचं नळकांडं. आत मात्र कार्बन डायऑक्साइडचं. पावडरचं आत उडवलं तर आग विझेल आणि चित्रंही जातील.

कचरा त्याच रात्री बाहेर. शेड आणि अंगण आधी कोरडं झाडून मग पुसा, आधी ओलं पुसलं तर खरकटं फटीत जाऊन बसतं. भांडी तिथं धुवायची नाहीत, क्रेटमध्ये भरून परत पाठवा. दारं-खिडक्या दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं वर आल्यावर उघडा, रात्री नाही. जानेवारीत पहाटे दव पडतं.

मांजरपाट :
पोस्टरचं मी सांगतो. बाबूराव पेंटर आणि आनंदराव हे दोघे आधी नाटकांचे पडदे रंगवायचे, कॅमेरा नंतर. त्यामुळं पोस्टरही पडद्याच्या रीतीनं रंगवलं तर कोल्हापूरला धरून होईल.

मांजरपाट घ्या, चार बाय तीन फूट, लाकडी चौकटीवर ताणून मागून खिळे. कापड आधी धुऊन खळ काढा, नाहीतर रंग धरत नाही. फेविकॉल १ भाग, पाणी ४ भाग, त्यात खडूची पूड ताकासारखं दाट होईपर्यंत. आदल्या दिवशी दोन हात, पहिला उभा, दुसरा आडवा, मधे पूर्ण सुकू द्या. घाईत दुसरा हात मारला की चौकट सैल पडते आणि ब्रश टेकल्यावर कापड ढोलकीसारखं थरथरतं.

लोकांसमोर रेखाटन करत बसू नका. तिथंच अर्धा तास जातो आणि बघणारे पांगतात. २० बाय १५ सेंटीमीटरचा फोटो घ्या, त्यावर अडीच सेंटीमीटरचे चौकोन पाडा, ८ बाय ६ म्हणजे ४८. कापडावर तेच चौकोन १५ सेंटीमीटरचे, १२० बाय ९० होतं. फिक्या कोळशानं आदल्या दिवशी उतरवून ठेवा. कोळसा नंतर फडक्यानं झटकला की निघतो, पेन्सिल पिवळ्या रंगाखालून डोकावत राहते.

वेळ : पहिली वीस मिनिटं मागची गडद जागा, मोठ्या तीन इंची ब्रशनं. चाळीस मिनिटं चेहरा आणि कपडे. वीस मिनिटं अक्षरं. उरलेल्या दहात पांढरे उजेड, म्हणजे नाकाचा शेंडा, डोळ्यातला ठिपका, दागिन्यावरची चमक. हे शेवटीच ठेवा, लोक टाळ्या तिथं वाजवतात. अक्षरांना आधी शिरोरेषा ओढायची, चपट्या ब्रशनं, एका दमात. ब्रश कापडावर टेकवायच्या आधी हवेत एकदा फिरवून घ्या. रेषा अर्ध्यावर थांबली की तिथं गाठ दिसते आणि ती कितीही पुसली तरी जात नाही. अनुस्वार आणि वेलांट्या रेष वाळल्यावर.

रंग ॲक्रिलिक किंवा पोस्टर कलर. तैलरंग आणि टर्पेंटाइन नको. वास रस्स्यात मिसळतो आणि शेगडी जवळ असते. कोणी हट्टानं जवसाच्या तेलाचे रंग आणलेच तर तेलाची फडकी कोपऱ्यात बोळा करून टाकू देऊ नका, ती आपोआप तापून पेटतात. पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडवा.

सहानंतर उजेड जातो. पोस्टरला दोन बाजूंनी वरून ५० वॅटचे एलईडी, पांढऱ्या उजेडाचे, ४००० ते ५००० केल्विन. समोरून लावले की ओला रंग चमकतो आणि काहीच दिसत नाही. हॉलमधल्या पिवळ्या दिव्याखाली फिका पिवळा आणि पांढरा सारखेच दिसतात, सकाळी बघितलं की चेहऱ्याला कावीळ झालेली.

नमुना कुठला घ्यायचा हेही बघा. चित्रकाराच्या हयातीनंतर ६० वर्षं त्याच्या चित्रावर हक्क असतो. बाबूराव पेंटर १९५४ साली गेले, त्यांच्या पोस्टरवरून काढायला अडचण नाही. साठ-सत्तरच्या दशकातल्या चित्रपटांची पोस्टरं मात्र विचारून.

पावडर शेडिंगवाल्याला अंगणात बसवू नका. शेडच्या आतल्या कोपऱ्यात, पाठ भिंतीला, पंखा बंद. शेगडीपासून सगळ्यात लांब. वाफ कागदावर गेली की पूड ठिपक्याठिपक्यांनी बसते आणि डाग पडतात. नट आणि चित्रकार चंद्रकांत मांडऱ्यांमुळं हे काम कोल्हापूरला ओळखीचं आहे, राजारामपुरीत त्यांचं संग्रहालय आहे, तिथं लोकांनी बघितलेलं असतं. पण होताना बघितलेलं नसतं. आणि ते जवळून बघायची गोष्ट आहे : कापसाच्या बोळ्यानं आभाळ, करंगळीच्या कडेनं ढगाची कड, कोऱ्या रबरानं पूड उचलून पाण्यावरचा उजेड. दीड मीटर लांबून हे दिसत नाही आणि जवळ उभं राहू दिलं तर कोणीतरी शिंकतं. कागदावर सरळ वरून मोबाईल लावा आणि शेजारी टीव्हीवर दाखवा.

पूड कागदावर धरून ठेवणाऱ्या फिक्सेटिव्हचा फवारा कार्यक्रमात मारायचाच नाही. तो पेट घेतो. शेगड्या बंद झाल्यावर, उघड्यावर, फूटभर अंतरावरून, दोन पातळ हात. नाहीतर माउंट लावून काचेखाली घ्या, काच कागदाला टेकणार नाही एवढी फट ठेवून.

रंकाळा_कट्टा :
सगळं मान्य. पण पांढरा-तांबडा कशाला? कोल्हापुरात काहीही असो, शेवटी रस्स्यावरच गाडी. शेतकऱ्याची भाकरी समजली, जत्रेचं भडंग समजलं. रस्स्याचा सिनेमाशी काय संबंध? तो काढा आणि निम्मं काम कमी करा. शिवाय तिथं मांसाहार चालतो का हे कोणी विचारलंच नाही.

पेठकर :
चालतो, पण अंगणातच आणि लेखी परवानगीनं, असं समितीनं कळवलंय. रस्सा काढायचा म्हटलं तर आमचे अर्धे पाहुणे यायचे नाहीत, हे खरं कारण. संबंध मलाही सापडत नाहीये.

उलथनं :
संबंध आहे, आणि चांगला आहे.

बाबूराव पेंटरांचा १९२० चा 'सैरंध्री'. कीचकवधाची गोष्ट. ज्यावरून लोकमान्य टिळकांनी त्यांना 'सिनेमा केसरी' म्हटलं तोच. आता विराटाच्या घरी भीम काय काम करत होता? बल्लव, म्हणजे आचारी! कोल्हापूरच्या पहिल्याच चित्रपटात कीचकाला मारतो तो मुदपाकखान्यातला माणूस. याहून सरळ संबंध कुठला पाहिजे?

पुढं १९३३ साली प्रभातनं हीच गोष्ट परत केली, शांताराम दिग्दर्शक, आणि या वेळी रंगीत. प्रिंटचं काम जर्मनीत झालं आणि रंग काही मनासारखे उतरले नाहीत. म्हणजे एकच गोष्ट दोनदा, एकदा काळी-पांढरी, एकदा रंगीत. एकाच अळणीतून दोन रस्से, एक पांढरा, एक तांबडा. वाट्या शेजारी शेजारी ठेवायच्या, पांढऱ्याखाली १९२० ची चिठ्ठी, तांबड्याखाली १९३३ ची. बाकी काही लिहू नका. विचारतील त्यांना सांगायचं. तर्री जास्त आली तर 'जर्मनीहून असंच आलं' म्हणायला मोकळे.

गोडाला श्रीखंडच. शिखरिणी, म्हणजे जुन्या काळचं श्रीखंड, भीमानं केली अशी कथा सांगतात, म्हणजे तेही बल्लवाच्याच खात्यात. म्हशीच्या ८ लिटर दुधाच्या दह्याचा साधारण ३ किलो चक्का पडतो. दही थंड जागी दहा तास टांगा, उघड्या गरम जागेत टांगलं की आंबतं आणि मग साखर वाढवून चव झाकावी लागते. साखर २ किलो ४०० ग्रॅम. मिसळून तासभर ठेवा, साखर विरघळून मिश्रण सैल झालं की मगच पुरणयंत्रातून काढा. आधी काढलं तर दाणे राहतात. केशर १ ग्रॅम, डावात किंचित गरम करून चुरून कोमट दुधात. अर्धं जायफळ. माणशी ६० ग्रॅम धरून थोडं उरतं. बर्फाच्या ट्रेवर ठेवा आणि साडेआठच्या आधी बाहेर काढू नका.

रंकाळा_कट्टा :
बल्लव लक्षातच आला नाही. हरलो.

मग एक करा, रस्सा द्रोणात देऊ नका. द्रोण बुडातून गळतो, तांबडा शहाबादी फरशीत मुरला की डाग जात नाही. १०० मिलीच्या स्टीलच्या वाट्या २०० घ्या, वाढताना पाऊण भरा. कुल्हड आणणार असाल तर आदल्या रात्री पाण्यात बुडवून ठेवा, कोरडे असले की रस्सा पितात आणि मातीचा वास देतात.

कसर :
आणि शाकाहारी लोकांचं टेबल वेगळं. भाकरी, खर्डा, भडंग, श्रीखंड, सगळं त्यांचंच आहे, फक्त पळी आणि परात वेगळी पाहिजे. भाकरीचा तवा रस्स्याच्या बाजूला लावू नका, नाहीतर वाढपी एकाच हातानं दोन्हीकडं जातो.

पेठकर :
आभार मंडळी. वेळ अशी बसवलीय : सकाळी खर्डा आणि भडंग घरी. दुपारी अळणी, वाटण आणि नारळाची दोन्ही दुधं तयार, घट्ट दूध बर्फात. साडेपाचला पोस्टर आणि पहिला गट. पावणेसातला तवे पेटणार. सातला दारं बंद आणि रस्सा. सव्वासातला पोस्टरची अक्षरं पुरी. आठला दुसरा हप्ता, साडेआठला श्रीखंड. माईक नऊलाच बंद, म्हणजे रात्री दहानंतर माईक बंद ठेवायच्या नियमाची काळजी नाही. काही चुकतंय का?

मांजरपाट :
एक चुकतंय. पोस्टर साडेपाचला सुरू केलं तर माझ्या हिशोबानं सातला संपतं, आणि पहिल्या तासात २० जण कायम आत असतात. पहिल्या गटाला सुरुवात दिसणार नाही. सहाला सुरू करा. साडेसातला शेवटचे उजेड पडतील, तेव्हा सगळे अंगणात असतात. फक्त भाकरीची रांग पोस्टरच्या समोरून जाऊ देऊ नका. खर्ड्याचा हात ओल्या रंगाला लागला तर रंग बिघडतो आणि तोच हात डोळ्याला गेला तर माणूस.

उलथनं :
घट्ट दूध बर्फात ठेवलंत तर मिसळायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा. गार दूध गरम रस्स्यात गेलं की वर तेलाचे ठिपके येतात, मग डाव डाव गरम रस्सा घालूनही ते नीट एकजीव होत नाही. आणि थर्मामीटर दोन आणा, एक पडतोच पातेल्यात.